आधी जेवणाचं बोला, मग गाण्याचं

स्टेशनवर गाणाऱ्या एखाद्या पोराची रील येते. आपण ‘काय टॅलेंट आहे!’ लिहितो आणि फॉरवर्ड करतो. ते पोर त्या रात्री कुठे झोपलं, हे रीलमध्ये नसतं. ‘संगीताने आयुष्य बदललं’ या गोष्टीचा साचाच असा आहे: त्यात आवाज ऐकू येतो, पण डोक्यावरचं छप्पर दिसत नाही.

झोया अख्तरचा ‘गली बॉय’ (2019) हा या साच्यातला माझा सर्वांत आवडता सिनेमा. धारावीतला मुराद आईसोबत बापाचं घर सोडतो, तेव्हा तो सिनेमा फार खरा होतो. पण शेवटी सगळा भार एका स्पर्धेवर पडतो. मुराद जिंकतो, म्हणून प्रश्न सुटतो. तो हरला असता तर? त्याच गल्लीत त्याच्यापेक्षा थोडं कमी बरं गाणाऱ्या पोराचं काय? तिकडे सिनेमा वळूनही बघत नाही.

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आमच्या नाशिकपर्यंत येऊन पोचतं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 मध्ये ते मुंबईत आले. त्यांनी संगीत दरबारातून लोकांत आणलं, हे आपण ऐकलेलं असतं. त्यांच्या संस्थेत चूल पेटत होती, हे सहसा कुणी सांगत नाही. निवडलेल्या मुलांचं राहणं, जेवण आणि शिकणं फुकट असे. बदल्यात नऊ वर्षं राहण्याचा करार. ओंकारनाथ ठाकूर याच संस्थेत घडले. वडिलांनी संसार सोडलेला, लहानपणी मजुरी केलेली. एका पारशी दात्याने त्यांना मुंबईला पाठवलं आणि विशीच्या आसपास ते लाहोर शाखेचे प्राचार्य झाले. इथे स्पर्धा जिंकण्याची अट नव्हती. टिकण्यासाठी वर्षं मिळत होती.

याची किंमतही मोठी होती. कर्जापायी संस्थेची मुंबईतली इमारत लिलावात गेली. पलुसकरांनी नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रमही काढला. 1931 मध्ये ते गेले, तेव्हा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. त्याला पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी शिकवलं. तोच मुलगा म्हणजे द. वि. पलुसकर. इमारत गेली, तरी माणसांची साखळी उरली होती. संस्थेचं खरं यश मला तिथे दिसतं.

तरी या गोष्टीची आरती करू नये. नऊ वर्षांचा करार लहान मुलाच्या वतीने मोठी माणसं करत होती. जानकी बखले यांनी ‘टू मेन अँड म्यूझिक’ (2005) या पुस्तकात पलुसकरांच्या कामाला असलेला हिंदू भक्तीचा रंग तपासला आहे. त्या शिस्तीत कोण सहज बसलं असतं आणि कोण दाराबाहेर राहिलं असतं, हे विचारायलाच हवं. आज रामकुंडावर दिवे विकणाऱ्या पोरासाठी काही उभारायचं, तर ते दार रुंद लागेल आणि नको असेल तेव्हा बाहेर पडण्याची मोकळीकही लागेल.

माझ्या धंद्यात डेमोला टाळ्या मिळतात, मेंटेनन्सला बजेट मिळत नाही. रील हा डेमो आहे, ‘गली बॉय’मधली शेवटची मैफलसुद्धा. पलुसकर मेंटेनन्समध्ये बुडाले. म्हणून ‘संगीतातून बदल’ असा कार्यक्रम दिसला, की गाणं कसं झालं यासोबत आणखी एक विचारा: नवव्या वर्षी या पोरांच्या खोलीचं भाडं कोण भरणार आहे?