‘पास’ची खिंड

इंग्रजीतून आलेल्या शब्दांवर रागावून आपण पुष्कळ लिहिले. त्यांची आपल्या घरातली वागणूक मात्र क्वचितच तपासली. आज ‘पास’ हा एकच शब्द घेऊ.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पोरे एस. टी.चा पास दाखवून शाळेत येतात, मैदानावर ‘पास दे’ म्हणून ओरडतात आणि शेंगा खात टाइमपास करतात. शहराची गर्दी टाळायला बीड बायपास आहे; हृदयाची अडलेली वाट चुकवणारी शस्त्रक्रियाही बायपासच. सभेत ठराव पास होतो, कचेरीत बिल. कन्नडच्या पुढे औट्रम घाट लागतो. तसल्या घाटालाही इंग्रजीत ‘पास’च म्हणतात. या साऱ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : पलीकडे जाणे.

परीक्षेपाशी मात्र ही गती थांबली. इंग्रजीत मुलगा परीक्षा ओलांडतो. मराठीत तो बहुधा स्वतःच ‘पास’ होतो. शिवाय फारसीचा ‘ना’ लागून ‘नापास’ घडला आणि नाराज, नापसंत, नालायक यांच्या पंगतीला असा बसला, की परका वाटेचना! फारसी उपसर्ग, इंग्रजी धड आणि संसार मराठी. शब्दघटनेत त्याला आम्ही 100 पैकी 100 देऊ.

अर्थात मात्र तो 35 लाही पोचत नाही. अडतो एखादा विषय. पण ‘नापास’ चिकटतो पोराला, आणि सोयरिकीपर्यंत सोबत करतो. त्यापेक्षा चेष्टेतला ‘ढकलपास’ बरा. त्यात निदान हालचाल तरी आहे! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीसाठी राज्यांना ती मोकळीक दिली. तो वाद जाणत्यांनी करावा. आमची तक्रार शब्दाविषयी आहे.

गेल्या निकालाच्या दिवशी एका बापाने विचारले, “गुरुजी, आमचं पोरगं नापासच हाय का?” ‘झालं का’ नव्हे, ‘हाय का’! एका क्रियापदात पोराचा सारा जन्म निकालात निघाला होता. आम्ही स्वतः मॅट्रिक पास. पुढची खिंड ओलांडलीच नाही, तरी कादंबऱ्या लिहिल्याच. म्हणून म्हणालो, “नाही हो, गणिताच्या घाटात गाडी अडलीय. ऑगस्टपर्यंत निघेल.”

बाप हसला. पोरगे मात्र त्याच्याआड उभे राहून आमच्याकडे टक लावून पाहत होते.