खर्जाची थरथर

बेस गिटार हे आपल्या धर्मग्रामांत आता नवलाचे वाद्य राहिलेले नाही. लग्नाच्या मांडवात, सणाच्या संध्याकाळी आणि पुष्कळ ठिकाणी मिस्साच्या गायनातही ते ऐकू येते. वाजवणाऱ्या तरुणाच्या पायाशी बहुधा एखादे लहानसे पेडल असते आणि बऱ्याचदा ते कोरसचे असते. या पेडलविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते; कारण त्याचा उपयोग आणि दुरुपयोग यांतील अंतर फार थोडे आहे, आणि ते वाजवणाऱ्यापेक्षा त्याच्याबरोबर गाणाऱ्यांना आधी जाणवते.

कोरस म्हणजे वृंद. वीस माणसे एकच स्वर गातात तेव्हा कुणाचाही कंठ दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. कुणी केसभर पुढे, कुणी मागे, कुणी किंचित चढा. या सूक्ष्म विसंवादातून वृंदगानाची रुंदी जन्मते. पेडल तिचीच नक्कल करते. आलेल्या ध्वनीची एक प्रत काढून ती काही मिलिसेकंद उशिरा सोडायची, तो उशीर सतत कमीजास्त करायचा, म्हणजे प्रतीचा स्वर खालीवर डुलतो. मग ही प्रत मूळ ध्वनीत मिसळायची. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ साली ध्वनी असा रोखून धरणारी ‘बकेट ब्रिगेड’ ही विद्युत्-रचना शोधली गेली. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसा ध्वनी तीत टप्प्याटप्प्याने सरकतो. पुढे १९७६ साली जपानच्या बॉसने सीई-१ हे कोरसचे पहिले पेडल बाजारात आणले.

पण कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. पाइप ऑर्गनमध्ये ‘सेलेस्ते’ नावाचा एक स्टॉप असतो. त्यातील नळ्या मुद्दामच किंचित बेसूर लावलेल्या असतात. शेजारच्या सुरेल नळ्यांबरोबर वाजल्या की ध्वनीला मंद लहर येते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या बेसूर नळ्यांच्या रांगेत सर्वांत खालचे सप्तक बहुधा नसतेच! नळ्यांचा खर्च हे एक कारण होय; पण खर्जात ती लहर कानाला रुचत नाही, हेही ऑर्गन बांधणाऱ्यांनी ओळखले होते.

का रुचत नाही, याचा हिशेब सोपा आहे. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. एका कंपनास सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. पेडलने प्रत १२ मिलिसेकंद उशिरा सोडली की मूळ लाट वर जात असताना प्रतीची लाट खाली येते आणि दोघी परस्परांना खाऊन टाकतात. कोरसचा उशीर याच पट्ट्यात डुलत असतो. परिणामी तळाचा स्वर क्षणात भरतो, क्षणात पोकळ होतो. वरच्या स्वरांत ही फुटतूट चमक म्हणून ऐकू येते, कारण एक अंश गळाला तरी बाकीचे त्याची जागा भरून काढतात. खर्जाचे वजन मात्र तळाच्या दोनचार अंशांवरच उभे असते. म्हणूनच बेससाठी काढलेल्या बॉसच्या सीईबी-३ या पेडलवर ‘लो फिल्टर’ नावाची वेगळी कळ दिली गेली. खालचा ध्वनी कोरा ठेवून वरच्यालाच लहर द्यावी हा तिचा हेतू. ज्याच्या पेडलला ही कळ नाही त्याने इफेक्टचे प्रमाण कमी ठेवावे, हे बरे.

यंत्राचे इतके पुरे. कोरस शोभतो कुठे, हे ध्वनिमुद्रिकाच सांगतील. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा बेसवादक पीटर हुक तारांच्या वरच्या टोकाला धून वाजवी. साधने इतकी निकृष्ट होती की खाली वाजवले तर त्याचे त्यालाच ऐकू येत नसे! त्या धुनीवर तो कोरस वापरी. १९७९-८० च्या त्या गीतांत तळमजला जवळजवळ रिकामाच असतो आणि हा रितेपणाच त्यांचा आशय आहे. पुढे न्यू ऑर्डरच्या १९८३ च्या ‘ब्लू मंडे’त तळ सिंथेसायझरने सांभाळला आणि हुकची बेस त्यावर मोकळेपणाने गाऊ लागली. आमच्या मते सारे मर्म येथे आहे. घराचा पाया दुसऱ्या कुणी धरला असेल, किंवा पायाच नको असेल, तेव्हा बेसने लहरावे.

गन्स अँड रोझेसच्या डफ मॅककॅगनचा कोरस वेगळ्या जातीचा. १९८७ च्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’मध्ये तो पिकने, कडक आघाताने वाजवतो. दोन गिटारांच्या गदारोळात आघात त्याला वाट करून देतो आणि मागाहून येणारी लहर नुसता रंग भरते. बोटांच्या मऊ आघातावर तोच कोरस चढवला तर हाती धुके लागते.

या साऱ्यांहून आम्हांस प्रिय आहे तो जॅको पास्टोरियसचा ‘कंटिन्यूअम’, १९७६ चा. लहानपणी वेदीसेवक असलेल्या या अमेरिकन वादकाने तेथे पेडलचा आधार घेतला नाही. पडदे नसलेल्या बेसवर तीच धून दोनदा वाजवून एकावर एक मुद्रित केली. दोन्ही वेळा बोटे केसभर निराळ्या जागी पडली आणि खराखुरा कोरस निर्माण झाला. यंत्राची लहर ठरावीक वेळाने परत येते, कान तिला चटकन ओळखतो आणि कंटाळतो. जॅकोची लहर पुढे कुठे वळेल ते सांगता येत नाही.

आता आपल्या मंदिरांकडे वळू. उंच छत, दगडी भिंती, फरशी. तेथे ध्वनी आधीच रेंगाळतो. त्यात पेडल जोडले की एका कोरसवर दुसरा कोरस चढतो. शिवाय ध्वनिक्षेपणाची व्यवस्था बहुधा एकाच वाहिनीची असते. डाव्या-उजव्या बाजूंस पांगून मिळणारी कोरसची शोभा तेथे मिळत नाही, तूट मात्र पुरेपूर मिळते. मागच्या बाकावरील आजीबाई गाताना बेसचे नाव घेत नाहीत, पण सूर पकडतात तो त्या खर्जावरूनच. तो डुलू लागला की सभा अर्धा सूर खाली घसरते आणि ठपका कीबोर्डवाल्यावर येतो, हे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी ऐकले आहे.

तेव्हा प्रवेशगीताला आणि सर्वांनी मिळून गायच्या प्रत्येक गीताला खटका बंद असावा. कम्युनियननंतरच्या मननगीतात कीबोर्ड किंवा ऑर्गन खालचा स्वर धरून असेल आणि बेसवादक बाराव्या पडद्याच्या वर एखादी संथ ओळ वाजवणार असेल, तर खुशाल चालू करावा. रेट अगदी मंद, डेप्थ निम्म्याच्या आत. आणि ओळ संपवून हात खाली येण्यापूर्वी पाय पेडलवर गेलेला असावा.