प्रायोगिक ज्ञान-पोर्टल आणि वापरकर्त्यांचे समाधान : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात सर्वेक्षणपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
शेतीविषयक ज्ञान संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात नव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाले. मुंबईच्या आयआयटीने २००३ मध्ये 'अ‍ॅक्वा' हे प्रश्नोत्तरांचे पोर्टल सुरू केले. शेतकऱ्याने मराठी, हिंदी वा इंग्रजीतून प्रश्न विचारावा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यावे, अशी त्याची योजना होती. २००९ मध्ये राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पांतर्गत 'अ‍ॅग्रोपीडिया' आले. असा प्रयोग झाला की त्यामागोमाग 'वापरकर्त्यांचे समाधान' मोजणारी प्रश्नावली तयार होते. प्रस्तुत लेखात पोर्टलची नव्हे, तर या प्रश्नावलीची चिकित्सा करावयाची आहे. १९७२ पासून कृषी विद्यापीठ असलेला परभणी जिल्हा त्यासाठी संदर्भ म्हणून घेतला आहे.

'समाधान' या शब्दाचे दोन अर्थ :
मराठीत 'समाधान' म्हणजे संतोष; परंतु 'शंकासमाधान' या शब्दात त्याचा अर्थ निरसन असा होतो. पाश्चात्त्य मापनपद्धती पहिल्या अर्थाभोवती उभी आहे. डॉल व टॉर्कझादेह यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या मापिकेत आशय, अचूकता, मांडणी, वापरसुलभता व तत्परता या ५ घटकांवर १२ प्रश्न आहेत. ही मापिका कंपन्यांतील संगणक-वापरकर्त्यांवर तपासलेली आहे. तेथील कर्मचाऱ्यास आपल्यासमोरील माहिती अचूक आहे की नाही, हे बहुधा ठाऊक असते. शेतकरी मात्र ठाऊक नसते म्हणूनच विचारतो. त्याच्याकडून अचूकतेस गुण मागणे म्हणजे रुग्णाकडून निदानाची परीक्षा घेणे होय.

कापसावरील 'लाल्या'चे उदाहरण घेऊ. पाने लाल होण्यामागे मॅग्नेशियमची वा नत्राची कमतरता असू शकते, तशीच तुडतुड्यांची लागणही असू शकते. पहिल्या स्थितीत अन्नद्रव्य द्यावे लागते, तर दुसऱ्या स्थितीत किडीचा बंदोबस्त. पोर्टलने तत्परतेने, सुबोध मराठीत चुकीचे कारण सांगितले, तर प्रश्नावलीत शेतकरी 'पूर्ण समाधानी' अशी नोंद करील आणि फवारणीचा खर्च मात्र वाया जाईल. येथे संतोष आहे, शंकासमाधान नाही.

नमुनानिवडीचा प्रश्न :
परभणीच्या कृषी विद्यापीठात वर्धापनदिनी, १८ मे रोजी, खरीप शेतकरी मेळावा भरतो. अशा मेळाव्यात प्रश्नावली भरून घेणे सोयीचे असते. तथापि तेथे येणारा शेतकरी मुळातच विद्यापीठाशी जोडलेला असतो. पालम वा जिंतूर तालुक्यातील ज्या शेतकऱ्याने एकदा पोर्टल उघडले, हवे ते सापडले नाही म्हणून ते बंद केले आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराचा सल्ला घेतला, तो या नमुन्यात येत नाही. घरातील मोबाइल ज्यांच्या हाती क्वचितच असतो, त्या शेतकरी स्त्रियाही येत नाहीत. शिवाय प्रश्नावली भरून घेणारा विद्यापीठाचाच विद्यार्थी असेल, तर समोरचा मनुष्य संकोचाने 'चांगले आहे' असेच म्हणतो. या भिडेचे मोजमाप वरील मापिकेत नाही.

सरासरीचा भ्रम :
लिकर्ट यांनी १९३२ मध्ये रूढ केलेली पाच बिंदूंची श्रेणी आपण सर्रास वापरतो आणि शेवटी सरासरी काढतो. समजा, १०० जणांपैकी ५० जणांनी ५ व ५० जणांनी १ गुण दिला, तर सरासरी ३ येते. शंभरही जणांनी ३ गुण दिले तरी ती ३ च येते. पहिल्या स्थितीत निम्मे लोक वंचित आहेत, दुसऱ्या स्थितीत सर्वांचेच काम अर्धवट झाले आहे. दोन्हींचे उपाय भिन्न आहेत. प्रायोगिक अवस्थेत तर हाच भेद कळणे आवश्यक असते, कारण रचना बदलण्याची संधी तेव्हाच असते.

पर्यायी दिशा :
'अ‍ॅक्वा' या नावाचा विस्तार 'जवळजवळ सर्व प्रश्नांची उत्तरे' असा होता. मापनाची खरी कसोटी त्या नावातच आहे. किती प्रश्न आले, किती अनुत्तरित राहिले, उत्तर पिकाच्या त्या अवस्थेत पोहोचले की हंगाम सरल्यावर, आणि शेतकऱ्याने सल्ला अमलात आणला काय, या नोंदी समाधानाच्या गुणांपेक्षा अधिक बोलक्या ठरतील. निवडक उत्तरे दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेतल्यास अचूकतेचा भार शेतकऱ्यावर पडणार नाही. तसेच निष्फळ ठरलेल्या शोधशब्दांची यादी ठेवावी. शेतकरी 'लाल्या' शोधतो आणि लेखात 'पाने लाल होण्याची विकृती' एवढेच लिहिलेले असते, हा दोष गुणांकनातून कधीच उघड होणार नाही.

समारोप :
समाधान-सर्वेक्षण निरुपयोगी आहे असे येथे म्हणावयाचे नाही. अक्षरांचा आकार, पृष्ठांची मांडणी, वापरातील सुलभता याविषयी वापरकर्त्याचे मत हाच खरा पुरावा होय. मात्र ज्ञानाच्या उपयुक्ततेचा पुरावा म्हणून तेच आकडे पुढे करणे युक्त नाही. महाविद्यालयांतून असे संशोधनप्रकल्प हाती घेणाऱ्या प्राध्यापकांनी प्रश्नावलीच्या आरंभी आपण संतोष मोजत आहोत की शंकासमाधान, हे स्पष्ट करावे. अन्यथा अहवालातील समाधान वाढत जाईल आणि शेतकऱ्याची शंका बांधावर तशीच उभी राहील.