देहसंवेदकांची बिनतारी नियमावली : एक परीक्षण

अंगावरील संवेदकांच्या बिनतारी संदेशवहनासाठी आय. ई. ई. ई. या संस्थेने २०१२ साली ८०२.१५.६ ही नियमावली प्रसिद्ध केली. तीत आठ प्राधान्यश्रेणी असून निकडीच्या वैद्यकीय संदेशास सर्वोच्च श्रेणी दिली आहे. ही व्यवस्था चोख होय. तथापि अग्रक्रम लागण्यापूर्वी संदेश पोहोचावा लागतो. तीत मान्य असलेल्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी शरीरातील पाण्यात बव्हंशी शोषल्या जातात. पाठीवरील संवेदकाचा संदेश छातीवरील केंद्राकडे जातो तो पुष्कळदा भिंतींवरून परावर्तित होऊन. म्हणजे खोलीतील चाचणीचे यश काही अंशी भिंतींचेच! रत्नागिरीच्या कातळसड्यावर गुरांमागे फिरणाऱ्या रुग्णाभोवती भिंती कोठून येणार? तेथे जमिनीवरील परावर्तन तेवढे उरते. तेव्हा बंद खोलीतील मापनांवरून एखादी पद्धती कोकणासाठी ग्राह्य ठरविणे सयुक्तिक नव्हे. तीच मापने सड्यावरही घेतली पाहिजेत. या अडचणीवर नियमावलीत उपाय आहे, हे मान्य केले पाहिजे. दंडावरील एखाद्या संवेदकाने संदेश मध्येच झेलून पुढे धाडावा, अशी दोन टप्प्यांची मुभा तीत आहे. परंतु ती ऐच्छिक आहे, आणि हे हमालीचे काम करणाऱ्या संवेदकाची बॅटरी इतरांच्या आधी संपते.