जात्यावरच्या ओव्या आणि ध्वनिमुद्रणाचे रूपांतर : एक चिकित्सा

ओवीची संहिता मुद्रित झाली की संकलनाचे कार्य संपले, अशी समजूत लोकसाहित्याच्या अभ्यासात दीर्घकाळ रूढ आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यांतील काहींना ध्वनीचीही जोड मिळाली. माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या १९९६ मध्ये अशाच मुद्रित झाल्या. 'पारी' या संकेतस्थळाने २०१७ पासून हा ठेवा टप्प्याटप्प्याने प्रकाशात आणला. आज आपल्या गावच्या आवाजाचा अभ्यास आपल्याच महाविद्यालयात बसून करता येतो. परंतु जो आवाज आपण ऐकतो तो किती रूपांतरांतून आला आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

ध्वनी अंकांत साठविताना दर सेकंदाला त्याचे ठरावीक नमुने घेतले जातात. १९८७ साली आलेल्या डॅट फितीचा प्रमाण नमुनादर ४८,००० होता, तर १९८२ पासूनच्या कॉम्पॅक्ट डिस्कचा ४४,१००. या दोन संख्यांचे गुणोत्तर १६० : १४७ असे अडनिडे आहे. त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधले नमुने गणिताने नव्याने काढावे लागतात व २२,०५० हर्ट्झच्या वरील कंपने आधी गाळावी लागतात. हे काम चांगल्या आज्ञावलीने केले तर कानाला फरक जाणवत नाही.

खरा अनर्थ घडतो तो रूपांतर न करता केवळ दर चुकीचा नोंदविल्याने. ४८,००० ची धारिका ४४,१०० समजून वाजविली तर आवाज सुमारे दीड अर्धस्वराने खाली येतो. काळी दोनचे गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कोठेतरी उतरते. दहा मिनिटांचे मुद्रण जवळजवळ दहा मिनिटे त्रेपन्न सेकंदांचे होते. जात्याच्या फेऱ्याशी ओवीची लय बांधलेली असते, हे आपण वर्गात शिकवितो. अशा धारिकेवरून लय मोजणारा संशोधक मग गाणारी थकलेली होती, असाही निष्कर्ष काढील!

दुसरा प्रश्न संक्षेपाचा. १९९२ मध्ये आलेली मिनीडिस्क आणि पुढे सर्वत्र पसरलेली एमपी-३ पद्धती कानाला ऐकू येणार नाही असे मानलेला भाग टाकून देतात. टाकलेला भाग नंतर 'वेव्ह' स्वरूपात बदलल्याने परत येत नाही. केवळ धारिकेचा आकार फुगतो. येथे प्रस्तुत लेखकाचा आक्षेप अधिक मूलभूत आहे. कमी दराच्या संक्षेपात जात्याची घरघर सर्वप्रथम बिघडते, कारण गोंगाटासारखा ध्वनी थोड्या अंकांत मावत नाही. ओवीला मात्र ती घरघर साथीचे वाद्य आहे.

संकेतस्थळावरील संक्षिप्त ध्वनी ऐकण्यास पुरेसा आहे, मोजमापास नाही. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही अंकीय मूळ प्रत तिच्या मूळ दरातच उतरवून घेण्यास सांगतात. आपल्या शोधनिबंधांत मात्र गायिकेचे नाव, गाव आणि वय असते. उपकरण, नमुनादर व रूपांतराची नोंद नसते. सोनीने डॅट यंत्रांचे उत्पादन २००५ मध्ये आणि मिनीडिस्क यंत्रांचे २०१३ मध्ये थांबविले. कपाटांत पडून असलेल्या फिती वाचू शकणारी यंत्रे आता दुरुस्तीवरच तग धरून आहेत.