बारा दिवसांचं गाणं आणि न सापडणारा पुरावा

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, घरी मुलांबरोबर रोज एक कॅरल म्हणायची आणि तिची गोष्ट सांगायची, अशा इंग्रजी कृतिपुस्तिका इंटरनेटवर भरपूर आहेत. कल्पना चांगलीच आहे. रोज गायलं की चाल-शब्द पाठ होतात, वेगळा अभ्यास लागत नाही. माझी तक्रार आहे ती गोष्टींबद्दल.

उदाहरण घ्या, 'द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस'. हे म्हणे इंग्लंडमधल्या कॅथलिकांचं गुप्त धर्मशिक्षण. 1829 पर्यंत त्यांच्यावर कायदेशीर बंधनं होती (हे खरं आहे), म्हणून दोन कबुतरं म्हणजे जुना आणि नवा करार, चार पक्षी म्हणजे चार शुभवर्तमानं. ऐकायला भारी वाटतं! पण हे सगळं अँग्लिकन चर्चही मानत होतंच की. मग लपवायचं कुणापासून? बरं, सात हंस काही याद्यांत सात संस्कार असतात, तर काहींत पवित्र आत्म्याची सात दानं. किल्लीच दर घरी बदलत असेल, तर ते कुलूप कसलं?

आता कागद बघू. गाणं लंडनमध्ये छापलं गेलं 1780 च्या सुमारास, मुलांच्या पुस्तकात. एकोणिसाव्या शतकात हॅलिवेलने आपल्या बालगीतांच्या संग्रहात ते खेळ म्हणून नोंदवलं: आळीपाळीने म्हणायचं, चुकेल त्याने दंड भरायचा. गुप्त संकेताची गोष्ट पसरली ती ह्यू मॅकेलरच्या 1979 च्या लेखानंतर. मधली दोनेक शतकं या संकेताबद्दल एकही कागद बोलत नाही.

'पण मुलं शिकतात ना?' हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. हंसांवरून सात दानं लक्षात ठेवा, खुशाल ठेवा. फक्त 'आपण असा अर्थ लावू' म्हणा, 'तेव्हा असं होतं' म्हणू नका. पुराव्याशिवायचा इतिहास मूल इथेच पहिल्यांदा गिळतं, आणि तेच पुढे आपल्यासारखं प्रबंधाच्या प्रस्तावनेत ऐकीव वाक्य टाकतं.

गंमत म्हणजे गाण्यातलं खरं शिकण्यासारखं या पुस्तिकांना दिसतच नाही. दर कडव्यात मागचं सगळं पुन्हा आठवावं लागतं. आणि रोजच्या भेटी मुलांना मोजायला लावा: पहिल्या दिवशी 1, दुसऱ्या दिवशी 3, तिसऱ्या दिवशी 6. बारा दिवसांची बेरीज येते 364. तेवढ्यात एखादं पोर नक्की विचारेल, की हे बारा दिवस तर 25 डिसेंबरला सुरू होतात, मग हे गाणं आगमनकाळात कसं?