पाण्यातला व्यायाम आणि गुलाबी रंगाचा पुरावा

वृद्ध स्त्रियांना जमिनीवरचा व्यायाम अधिक मानवतो की पाण्यातला, या प्रश्नावर बरेच शोधनिबंध लिहिले गेले आहेत. साठीपुढच्या स्त्रियांचे दोन गट करायचे, एकाला मैदानात व दुसऱ्याला छातीएवढ्या पाण्यात काही आठवडे व्यायाम द्यायचा आणि आधी व नंतर रक्त तपासून ‘ऑक्सिडीकरण ताण’ किती उतरला ते पाहायचे, अशी त्यांची साधारण मांडणी असते. प्रश्न चांगलाच आहे. छातीएवढ्या पाण्यात पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. दुखऱ्या गुडघ्यांना हे सुख थोडेथोडके नव्हे. आमची तक्रार आहे ती मोजमापाविषयी.

मुक्त मूलके म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे, पुष्कळदा चटकन अभिक्रिया करणारे अणू-रेणू. वार्धक्याचे मूळ यांच्यातच आहे, असे डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडले. त्यांनी मेदांवर हल्ला केला की मॅलॉनडायअल्डिहाइड तयार होते. ते मोजण्याची स्वस्त रीत अशी : रक्तद्रवात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवायचे आणि येणारा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरला मोजायचा. पण तसाच रंग इतर अल्डिहाइडे आणि काही शर्कराही देऊ शकतात. जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले तेव्हा शैवालापासून नाना तर्क निघाले होते. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा लवणप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य हे कारण पुढे आले. रक्ताच्या बाबतीत मात्र रंग दिसला की निष्कर्ष तयार!

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. माणूस छातीभर पाण्यात उभा राहिला की पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, ऊतींमधला द्रव रक्तात शिरतो आणि रक्त पातळ होते. मैदानावर घाम गेल्याने उलटे घडते. व्यायाम संपताच नमुना घेतला, तर एकही रेणू कमीजास्त न होता एका गटाचा ताण ‘उतरलेला’ आणि दुसऱ्याचा ‘चढलेला’ दिसेल. विद्यार्थ्यांना शाईच्या पाण्याने हे पाच मिनिटांत दाखवता येते. शिवाय पाण्यात नाडी मंदावते; म्हणून दोन्ही गटांना नाडीचा एकच आकडा गाठायला सांगितले तरी श्रम सारखे होत नाहीत.

आणि ताण उतरणे नेहमी हिताचेच, हे तरी कोणी ठरवले? व्यायामाने मुक्त मूलके वाढतात, आणि त्या धक्क्यानेच शरीराची संरक्षक विकरे बळावतात. २००९ मध्ये जर्मनीतील एका प्रयोगात तरुणांना व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर इन्शुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारलाच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांचा सुधारला.

आता बुलढाणा जिल्ह्याकडे पाहू. अशा निबंधांतल्या स्त्रिया बहुधा बैठ्या असतात. इथली साठीची आजी सोयाबीनच्या निंदणीत आणि कापसाच्या वेचणीत दिवस काढते. तिला ‘व्यायाम न करणारी’ कसे म्हणणार? संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची जुनी तक्रार आहे, आणि मूत्रपिंड बिघडले की ऑक्सिडीकरण ताण वाढतोच. तेव्हा इथे प्रयोग करायचा तर कष्टाची व पिण्याच्या पाण्याची नोंद हवी, नेहमीचेच जीवन जगणारा तिसरा गट हवा आणि रक्त शेवटच्या व्यायामानंतर दोन दिवसांनी घ्यायला हवे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात छातीएवढे पाणी कोठून आणायचे, हेही आधीच ठरवावे लागेल.